पहिला वाटा

बाबांच्या रापणीच्या वहीत दोनच रकाने:
गेलं किती, आलं किती.
मधली रेघ ते फूटपट्टीशिवाय मारत,
ओल्या बोटानं पान उलटत,
म्हणून प्रत्येक पानाचा कोपरा खारट.
लहानपणी मी चाटून बघितलाय.

त्या वहीची उरलेली सव्वीस पानं आता माझी.
गेलं किती, आलं किती,
मिलिअँपिअर-तासांत.

काजूच्या कारखान्यातून सेवरीनमावशी टरफलं देते,
गोणीला दहा रुपये, आणि वर सल्ला:
'तेलाक हात लावू नको, कातडी सोलता.'
तिच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत;
रेशनचं यंत्र तिला ओळखत नाही.
तेच तेल मी वाफ करून भट्टीत सोडते,
साडेसातशे अंशांवर, लोखंडाच्या कणांवरून,
आणि कार्बन स्वतःला गुंडाळून घेतो
जशी उन्हं उतरल्यावर खळ्यातली चटई.
फक्त ही चटई एका अणूइतकी जाड,
आणि गुंडाळणारं कोणी नाही.

गोव्याहून सूक्ष्मदर्शकाची चित्रं आली.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.
'जाळा गुतलाहा,' म्हणाले,
'सोडवुक बसशीत तर दीस जातलो.'
सोडवायचं नाहीच, मी म्हटलं.
गुंत्यातूनच वीज वाट काढते.

वेंगुर्ल्याच्या हवेत पाणी इतकं
की बरणीतलं मीठ रडतं,
आणि लिथियमला पाण्याचं वावडं.
म्हणून काचेची पेटी, आत आर्गॉन.
सिलिंडर आंबोलीचा घाट उतरून येतो,
दरवेळी दोन दिवस उशिरा.
रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून
मी नाण्याएवढे सेल बंद करते.
अख्ख्या किनाऱ्यावर एवढी कोरडी जागा दुसरी नाही.
माझे हात तिथं रोज दोन तास असतात,
बाकीची मी बाहेर, घामानं निथळत.

पहिल्या फेरीत शंभर आत गेले,
परत आले चौसष्ट.
छत्तीस अडकले, नळ्यांच्या अंगावर साय धरून.
ती साय नसेल तर पुढच्या फेऱ्या टिकत नाहीत,
हे मी दरवर्षी मुलांना शिकवते;
तरी आकडा लिहिताना पेन जड होतं.
अहवालात याला अपरिवर्तनीय हानी म्हणतात.
बाबांनी वही ओढली, रकाना वाचला.
'पयलो वाटो देवाचो,' म्हणाले,
'तो तोट्यात धरूचो नसता.
दुसऱ्या ओढीक किती ईला, ता सांग.'

दुसऱ्या ओढीला अठ्ठ्याण्णव.
मग नव्याण्णव. नव्याण्णव. नव्याण्णव.
ऐकायला बरं वाटतं.
पण खऱ्या बॅटरीत दर फेरीला शंभरातला एक हरवला
तर सत्तराव्या फेरीला निम्मी उरते.
हे गणित बाबांना समजावावं लागलं नाही.
ते खिडकीतून नवाबागच्या वाळूकडे बघत राहिले,
जिथे साठ माणसं दोरीला असायची,
मग एकोणसाठ,
आणि एकाही दिवशी कोणी म्हटलं नाही
की आज रापण संपली.

एकशे अठ्ठेचाळिसाव्या फेरीत वीज गेली.
यूपीएस अकरा मिनिटं किंचाळला, मग तोही.
त्याची बॅटरी बदलायची राहून गेली होती, माझ्याकडूनच.
आलेखात तिथं एक फट आहे.
कुलकर्णीसर म्हणतात, जोडून टाक, कोण बघतंय.

बाबांच्या वहीतही एक पान आहे:
तारीख, रकाने, मधली वाकडी रेघ,
आकडा नाही.
विचारलं तर म्हणतात,
'त्या दिसा दोरी ओढली.
लिवक जमला नाय.'