शीळ

तंग एकदम सोडू नकोस, यासीनमामू म्हणाला,
गरम पाठीला वारा लागला की पाठ रुसते.
दोन भोकं मागं घेतली. सावरीनं उसासा टाकला,
साठ किलोमीटरचा.
गिरणारेहून कश्यपीच्या भिंतीपर्यंत
आणि परत,
द्राक्षांच्या गाड्यांना वाट देत देत.

पाणी आधी पायांवर. मग मानेच्या शिरेवर,
जी अजून दोरीसारखी ताठ होती.
ओतायचं, निपटायचं. ओतायचं, निपटायचं.
निथळणारं पाणी हाताला कोमट लागतंय तोवर
थांबायचं नाही.
टोमॅटोच्या क्रेटवर उभी राहून मी ओतत होते.
माझेच गुडघे थरथरत होते,
तिचे नाही.

डॉक्टरबाईंनी कोपरामागे नळी टेकवली.
चौसष्टच्या आत हवी होती.
छप्पन्न.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामूनं नाही.
ही नाडी कागदाची, तो म्हणाला,
आपली आता सुरू.

ओठ उलटून हिरडीवर अंगठा दाबला:
पांढरा ठसा, एक, दोन,
गुलाबी परत.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर
घडी क्षणभर तशीच राहिली,
ट्रंकेतून काढलेल्या लुगड्याची राहते तशी.
म्हणून पुन्हा बादली. मिठाचं बोट तिच्या जिभेवर.
कोंडा भिजवून, पातळ.
हरभरा आज नाही. पाय आपट हवे तितके,
नाही म्हणजे नाही.

डाव्या कुशीला कान लावला. काही नाही.
उजव्या कुशीला. बराच वेळ काही नाही.
मग लांब कुठंतरी
पाटाचं पाणी सोडल्यासारखं.

पण मुतली नव्हती.
आठ वाजले. नऊ. थंडी उतरली.
चहाच्या रंगाची आली तर डॉक्टरांना उठवायचं, मामू म्हणाला,
आणि मग विचारलं नसताना
भद्रकालीतल्या बापाच्या टांग्याचं सांगू लागला:
कुंभाची गर्दी, दिवसभर फेऱ्या,
रात्री घाईत आधी दाणा दिला,
पाणी नंतर, आणि सकाळी...
बादली पालथी घालून तो तिच्यावर बसला.

मी कोरडा पेंढा पसरला.
मामू शीळ घालू लागला,
ना चाल, ना सूर,
एकच बारीक उतरती रेघ, पुन्हा पुन्हा,
तान्ह्या मुलाला न्हाणीत उभं करून घालतात तशी.
बॅटरी मंद होत चालली होती.

मागचे पाय फाकले. शेपूट उचलली.
आम्ही दोघं वाकलो, माणसं देवापुढं वाकतात त्याहून जास्त.
पिवळी.
गढूळ, घोड्याची असते तशी,
पण पिवळी!
वाफ आली. पेंढा वाजला, वाजतच राहिला.
शीळ मात्र थांबेना,
मामूला कळलंच नव्हतं बहुतेक.

पहाटे डांबरी रस्त्यावर तिला हातानं चालवली.
मी डोळे मिटून टापा ऐकल्या.
मागची उजवी किंचित उशिरा पडत होती,
किंवा मलाच तसं वाटलं.
मामूनं खूर उचलून तळवा हुंगला, ठेवला.
संध्याकाळी पाहू, म्हणाला.
आणि तू,
काल दुपारपासून
पाणी प्यालीस का?