दोन बोटं कमी

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, एका भाड्याच्या शेडमध्ये
आमची होडी चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे.
चढायला शिडी. शिडीखाली चपला.
महिना झाला, आम्ही वरच राहतो,
पाण्यावर राहायची सवय करतो कोरड्या जमिनीवर.

मुकुंदने ठरवून दिलंय: माणशी दिवसाला चार लिटर.
पहिल्याच सकाळी कौशिकने दात घासण्यात निम्मं संपवलं
आणि खाली उतरून शेजारच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात
नळाला तोंड लावलं.
समुद्रात शेजार नसतो रे, मी म्हटलं.
तो म्हणाला, म्हणून तर आत्ता पितोय.

त्या कारखान्यातली माणसं डबा खायला आमच्या सावलीत बसतात.
वर बघून रोज एकच विचारतात, क्यारे जवाना?
सुरुवातीला मी तारीख सांगायचे.
चार तारखा होऊन गेल्या,
आता मी त्यांना लोणचं देते.

भंगारवाल्याचा काटा दोन दिवस मागून आणला होता.
विकायचं ते त्याच्यावर, न्यायचं तेही त्याच्यावरच.
फ्रिज गेला, कपाट गेलं, पेटी आत्याकडे दांडिया बाजारात.
उरला तीन लिटरचा कुकर,
मेणाने तोंड बंद केलेल्या गोड्या मसाल्याच्या दोन बरण्या,
आणि माझा शिवणाचा डबा, सव्वा किलो.
तो मुकुंदने दोनदा तोलला.
दोन्ही वेळा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

शिडं शिवली सलीमभाईंनी. घरात तीन पिढ्या
नवरात्राचे मंडप शिवायचं काम.
कापड मांडीवर घेऊन म्हणाले,
बेन, आयुष्यभर वारा बाहेर राहावा म्हणून टाके घातले,
आता धरून ठेवावा म्हणून घालायचे,
हाताला कसं समजावू?
समजावलं असावं. शिवण सरळ आहे.
एका कोपऱ्यात, विचारलं नसताना,
त्यांनी लाल धाग्याचा छोटा मोर काढलाय.

ऋजुता आमच्याबरोबर येत नाहीये.
मार्चमध्ये दहावी. एप्रिलमध्ये रेल्वेने कोचीला येईल,
तोवर आत्याकडे.
हे तिनेच ठरवलं, वहीत दोन रकाने आखून,
आणि आम्हाला वाचून दाखवलं.
तिच्या बंकवर मी कांद्याचं पोतं ठेवलं.
होडीत रिकामी जागा ठेवता येत नाही,
आणि कांद्यांना वारा लागतो.

रविवारी आली. पोतं पाहिलं.
काही बोलली नाही, ओढून खाली ठेवलं
आणि झोपून बघितलं.
डोकं इकडे टेकलं, पाय तिकडे,
गुडघे मधे उंच राहिले.

बंक केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती.
वाढेल म्हणून मुकुंदने वीतभर जास्त धरलं होतं.
मग रेझिन महागलं, मग त्याची नोकरी सुटली,
मग एक वर्ष पुराचं पाणी शेडमध्ये आलं
आणि होडी असून आम्ही
सगळं सामान टेबलांवर चढवत बसलो.
सहा वर्षांत होडी जेवढी ठरली तेवढीच झाली.
वाढलं ते दुसरंच कुणी.

किती कमी पडतंय? त्याने विचारलं.
तिने भिंत आणि टाच यांच्यात बोटं धरून दाखवली: दोन.
राहू दे बाबा, मी कुशीवर झोपेन.

तो उठला. करवत घेतली.
पायाशी जी फळी आहे, जिच्यापलीकडे दोर ठेवतो,
तिला थाळीएवढं भोक पाडलं.
भुसा कौशिकच्या वरणात पडला, कुणी ओरडलं नाही.
तिने पुन्हा अंग टाकलं.
पाय घोट्यापर्यंत अंधारात गेले.
कसं वाटतंय?
दोर टोचतोय, ती म्हणाली. आणि पाय तसेच ठेवून
सहामाहीचा भूगोल वाचत बसली, आठ वाजेपर्यंत.

परवा रात्री दोनला ट्रेलर येईल.
दिवसा तारा आडव्या येतात; वीज मंडळाचा माणूस
पुढे बांबू घेऊन चालणार, एकेक तार उचलत,
जांबुवाच्या पुलापर्यंत.
तिथून दहेज, तिथे क्रेन, तिथे भरती.

ती गेल्यावर मी कांदे परत बंकवर ठेवले.
पोतं भोकापासून जरा अलीकडे सरकवलं.