पत्ती न घातलेला चहा

छातीवर काळी पाटी : एल्डर वाइनिकोलो.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
वय एकोणीस,
आणि परवाच काळे मोजे पांढऱ्यांसोबत धुवून
मी सहाच्या सहा शर्ट राखाडी केले.

साडेसहाला उठायचं.
ऑस्टरगार्ड तोवर गुडघ्यांवर असतो.
आयडाहोचा, बटाटे पिकवणाऱ्यांचा मुलगा.
हा झोपेतही घोरत नाही, याचा मला राग येतो,
आणि मग त्या रागाचीही माफी मागत बसावं लागतं.
नियम असा की एकानं दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही.
दोन वर्षं.
मोरीचं दार तेवढं सूट.

एर्देनेत. उणे एकतीस.
बाल्कनीत वाळत घातलेले शर्ट
हात पसरून गोठतात,
आत आणून खुर्चीवर बसवले
की हळूहळू त्यांची मान पडते.
वावाउला असताना थंडी म्हणजे
पहाटे वडिलांच्या होडीत
अंगावर उडालेलं पाणी, एवढंच.

मंगोल भाषेत मला पश्चात्ताप म्हणता येतं.
अडखळत का होईना, पुनरुत्थानसुद्धा.
नळ गळतोय, हे येत नाही.
प्लंबर आला तेव्हा मी खाली ओंजळ धरली
आणि वरून एक बोट टपटप खाली आणलं.
तो पोट धरून हसला,
वायसर बदलला, पैसे घेतले, गेला.
त्यानं देवाबद्दल काही विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग :
खाणीतले दोन ड्रायव्हर,
कोरियाला पळायला टपलेला एक पोरगा,
आणि ओयुनबिलेग, दवाखान्यातली नर्स.
वर्गात धर्माचं बोलायचं नाही.
आय हॅव, ही हॅज.
ती विचारते, तुझ्याकडे काय आहे? पूर्ण वाक्यात सांग.
मला ऐनवेळी काही सुचत नाही.

तिची आई त्सेवेलमा टेकडीवर राहते,
लोकरीच्या गोल घरांच्या वस्तीत.
पाण्याची टपरी खाली, घर वर.
वीस वीस लिटरचे दोन कॅन.
शनिवारी ते मी चढवतो.
पहिल्या खेपेला तिनं वाटी पुढे केली,
दुधाचा, मीठ घातलेला चहा.
आम्हाला चहा चालत नाही.
उजव्या हातानं घेतली, कोपराला डावा हात,
शिकवलं होतं अगदी तसं,
आणि तशीच खाली ठेवली.
पाहुण्यानं भरलेली ठेवलेली वाटी
किती जोरात वाजते,
ते ऑस्टरगार्डलाही ऐकू गेलं.

पुढच्या शनिवारी ती बोलली नाही.
शेगडीवर दूध, दुधात मीठ.
मग पत्तीचा डबा उचलून
एकेकाच्या नाकासमोर धरला,
पेटीत ठेवला
आणि पेटीला कुलूप लावलं.

मी प्यालो.
तोंडात आलं ते सरळ घर.
दालाई, म्हणालो, वाटीकडे बोट करून. समुद्र.
तिनं एक घोट घेतला, विचार केला.
म्हणाली, दूध घातलं की बरा लागतो.

सोमवारी आईचा फोन.
आमच्याकडे अकरा, तिच्याकडे चार.
मागे कोंबड्या, कुणीतरी डुकराला हाकतंय.
जेवतोस ना? जेवतो.
रडतोस का, हे ती विचारत नाही,
फोन फक्त इतका जवळ धरते
की पडद्यावर नुसता कान दिसतो.
त्या कानाला मी सांगतो, सगळं छान आहे.

काल रात्री निरोप आला. बदली.
दार्खान, गुरुवारची बस.
ऑस्टरगार्ड इथेच, त्याला दुसरा सोबती मिळेल.
राखाडी शर्ट गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं,
कॅन चार बोटं रिकामा ठेव, चढावर हिंदकळतो.
माहितेय, तो म्हणाला.
आणि नव्या पोरासमोर तिनं डबा नाचवला
तर हसू नकोस.
दिव्याचं बटण दाबत तो म्हणाला,
तूच हसला होतास.