बारावी टाचणी

फेब्रुवारीत हाचिनोहेतल्या आया माझ्या दुकानात येतात.
शाळेचा कागद आलेला असतो:
पहिलीत जाणाऱ्या मुलाला
पुस्तकांची पिशवी, चाळीस बाय तीस,
बुटांची पिशवी, कडीसकट,
पेल्याची थैली, नाडीची.
शक्यतो घरी शिवलेली.
या 'शक्यतो'वर
माझं दुकान वर्षातले दोन महिने चालतं.

त्सुकिदाते आला तेव्हा अंगाला
डिझेलचा आणि माकुळाचा वास होता.
कागद चार घड्या घालून टोपीत ठेवलेला.
म्हणाला, कापड द्या.
कसलं?
मजबूत.
मुलीला काय आवडतं, विचारलं,
तर बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मुलगीच म्हणाली, क्रेन. बंदरातली, पिवळी.

क्रेनचं कापड कोण छापतं?
पिवळं दिलं, साधं, जाडसर,
आणि एका डबीत टाचण्या. उसन्या. मोजून बारा.

चौथ्या दिवशी परत.
पिशवी काउंटरवर ठेवली.
धावदोरा बघत राहावा असा,
टाक्याला टाका लागून,
जन्मभर जाळी दुरुस्त केलेल्या हाताचा.
फक्त चारही बाजूंनी.
तोंडसुद्धा शिवून टाकलेलं.
मी हसले नाही. तोही नाही.
नागिसा हसली, बटणांच्या खणांआड लपून.
"हिच्यातून काही सांडणार नाही,"
तो म्हणाला.

मग दोन संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर,
उसवणं आणि शिवणं.
सुलट बाजू सुलटीवर ठेवायची,
उलट बाहेर राहू द्यायची,
शेवटी पिशवी कुशीतून पालटायची.
हे त्याला पटेना.
जाळ्याला कुठली आली उलटसुलट?
नेफा तर मुळीच कळेना.
कापड दुमडून आपण वाट ठेवतो, सांगितलं,
नाडीनं त्यातून जायचं.
"म्हणजे बोगदा."
"बोगदा," मी म्हटलं,
आणि तीस वर्षं शिकवतेय
पण हा शब्द मला सुचला नव्हता.

सेफ्टी पिनला नाडी बांधून तो आत सारत होता,
जीभ दातांत धरून.
खाऱ्या पाण्यानं भेगाळलेली बोटं,
टाचणीचं डोकं त्यांत
तांदळाच्या कणीसारखं हरवायचं.
शेवटची गाठ मात्र त्याची,
मी शिकवलेली नव्हे.

निघताना टाचण्या मोजल्या. अकरा.
"असू दे," मी म्हटलं, "एक टाचणी."
तो जागचा हलेना.
बोटीवर गळ मोजूनच पेटीत जातात, म्हणाला.
हरवलेला गळ
कुणाच्या तरी पायाला सापडतोच.

मग आम्ही तिघं जमिनीवर, गुडघ्यांवर,
कात्रणं, दोऱ्यांचे तुकडे,
त्याच्या बुटांतून वितळलेलं बर्फ.
सापडेना.
मी लोहचुंबक आणला, रोज रात्री फरशीवरून फिरवते तो.
पुस्तकांची पिशवी गप्प.
बुटांच्या पिशवीची नुसती कडी हलली.
पेल्याची थैली मात्र
आपणहून सरकली माझ्याकडे.
नेफ्यात होती, कापडाच्या दोन पदरांमध्ये,
रोज सकाळी जिथं सहा वर्षांची बोटं
नाडी ओढणार होती.

ती गाठ मला सुटली नाही.
कात्री लावावी लागली.
त्यानं दोरा ओवला, दिव्याकडे धरून,
तिसऱ्या खेपेला जमला,
आणि दहा टाके नव्यानं घातले,
मला एकदाही न विचारता.

तेवढ्यात नागिसानं उरलेली पिवळी पट्टी
कुठूनशी उचलली होती.
सुई मागितली नाही, घेतली.
पट्टी एका पट्टीवर आडवी,
चार टाके, चारी वाकडे,
टोकाला लोंबता दोरा.
क्रेन, म्हणाली.
आणि बारावी टाचणी माझ्या हातातून काढून
वडिलांपुढे धरली: वाकव.

त्यानं पकडीनं वाकवली,
टोक आत वळवून, बोथट करून,
दोऱ्याला बांधली.
त्याच्याच गाठीनं.

डबीत अकरा. क्रेनला एक.
त्यानं पुन्हा मोजल्या,
मगच दार सरकवलं.