खर्जाचा खड्डा

मंठा चौफुलीच्या अलीकडे, बियाण्याच्या दुकानावर,
दोन जिने चढून वाकलं की माझी खोली.
वाकावंच लागतं. डावीकडे पत्रा
उतरत उतरत गुडघ्याला येतो,
उजवीकडे सरळ भिंत, आणि मागचा एक कोपरा
मिस्त्रीनं पाण्याच्या टाकीसाठी तिरका कापलेला.
भाडं कमी. घरमालक म्हणाले,
तुम्हाला काय, गाणीच ऐकायचीत.

चार वर्षं ऐकली.
खुर्चीत बसलं की ढोलकीचा धुम गायब,
दाराशी जाऊन उभं राहिलं की तोच धुम
छातीवर येऊन बसतो.
मग मी खर्ज वाढवायचे. थोडा. अजून थोडा.
हे कुणाला सांगितलं नाही.

अंड्यांचे दोनशे ट्रे चिकटवून पाहिले.
फरक एवढाच, की खालच्या दुकानातला पोरगा
ऑम्लेट मिळेल का विचारायला लागला.
जाजम अंथरलं. सकाराची शिट्टी तेवढी बसली,
धुमाला जाजमाचं काय.
एका रात्री माइक मांडून तळापासून वर सूर सोडला,
पडद्यावर रेघ नीट चालत आली
आणि त्रेसष्टपाशी
विहिरीत पाय जावा तशी गेली.

चाँदपाशा आले ते गादीचं माप घ्यायला.
म्हटलं, गादी नको, कोपरे भरायचेत.
"कोपऱ्यात कोण झोपणार?"
सांगायला गेले आणि थांबले.
मशीन आल्यापासून पिंजण नुसतं खांद्याला असतं त्यांच्या,
सवय म्हणून.
तात छेडली त्यांनी. एकदा इथे, एकदा खिडकीशी,
मग पत्रा जमिनीला भेटतो तिथं उकिडवे बसून
पुन्हा, मान तिरकी करून.
"हितं बसायलाय बघा आवाज. उठायलाच तयार नाही."
मला चार रात्री लागल्या होत्या.
त्यांचा चहाही निवला नव्हता.

सरकी काढलेला कापूस, जुना बारदाना,
हातभर जाडी. पातळ नको, म्हणाले,
पातळ कापूस फक्त थंडी अडवतो.
त्यांची नात अनम भिंतीवरून आरसा सरकवत गेली,
मी खुर्चीत. आरशात स्पीकर दिसला की ओरडायचं.
दिसला! खडूची फुली.
पत्र्यावर, दिसला! फुली.
शेवटी आरसा स्वतःकडे वळवून
तिनं केस नीट केले.

मे महिना. दुपारी पत्र्याखाली माणसाची भाजणी.
भरता भरता तिघांच्या भुवया पांढऱ्या.
रात्री दोनपर्यंत पत्रा निवत राहतो, टण्, मग बराच वेळानं टण्,
त्यानंतरच ऐकायला बसता येतं.

बसले.
आधी काहीच आलं नाही, म्हणजे
खोली आली नाही.
माझाच घोट, माझाच गळा.
मग लावलं शुद्धोधन खरातांच्या पार्टीचं गाणं,
मागच्या जयंतीचं, माझ्याच हातचं.

धुम.
म्हशीसारखा मधोमध उभा,
आणि गयाबाईंचा शब्द त्याच्या पोटाखालून
बाहेर यायला धडपडतोय.
चार वर्षं मी खोलीचं दुखणं
गाण्याला लावत होते.
किती गाणी, मोजायला घेतली.
एकतीसपाशी सोडून दिलं.

नवं गाणं नव्यानं केलं, दादांना बोलावलं.
डोळे मिटून बसले, शेवटपर्यंत.
"गयाबाईचा श्वास ऐकू यायलाय की."
मग चप्पल घालता घालता,
"पण कांचनताई, मागच्या टायमाला धुम जास्ती होता.
पोरं त्याच्यावरच नाचली."

जिना उतरेपर्यंत काही बोलले नाही मी.
बारदान्यातून गोदामाचा वास येत होता.
अर्धा डेसिबल वाढवला,
श्वासाला धक्का न लावता,
या वेळी माहीत असून.
बोटाला कापसाचा एक तंतू चिकटलेला,
बटणासोबत तोही
थोडा फिरला.