ळ

मिस केतकी अमळनेरच्या पोस्टमनला सापडली नाही.
पत्र तीन दिवस फिरून परत गेलं.
गल्लीत तिला केवयाबाई म्हणत,
सरकारी कागदावर केवळाबाई,
पडद्यावर तिसरंच काही.
कुणी नाव विचारलं की आई
आधी विचारणाऱ्याची चप्पल बघायची.

अकरा चित्रं केली तिने, सगळी मुकी.
एकात नवरा लढाईला निघतो
आणि पाटी येते:
‘प्राणनाथ, या अभागिनीस विसरू नका.’
तंबूतला मास्तर ती खड्या आवाजात वाचायचा,
बाया पदर डोळ्यांना लावायच्या.
कॅमेऱ्यापुढे आई खरं म्हणाली होती,
लवकर आवर रे भो, पोरगं भुकं व्हई मनं.
लोटन तेव्हा दोन महिन्यांचा,
रंगाच्या खोलीत, आरशाखाली, टोपलीत.

मग बोलपट आला.
बंद खोलीत उभं करून म्हणाले, बोला बाई.
वाक्य होतं: कमळासारखे डोळे, आणि काळी रात्र.
आई म्हणाली:
कमयासारखे डोये, आणि काई रात.
साहेबाने कानावरचं काढून टेबलावर ठेवलं.
एका अक्षरापायी
ती सुरतेवरून भुसावळच्या गाडीत बसली.
ट्रंकेत दोन शालू. एक कंपनीचा, न विचारता आणलेला.

वैशाखात बोरीच्या पात्रात जत्रा भरते.
त्या साली तंबूत तेच चित्र लागलं.
आई मागे बसली, तोंडावर पदर.
मी पोटात, म्हणजे मीही पाहिलं म्हणायचं.
पुढे वाळूत नथ्थू शिंपी, जन्माचा बहिरा.
पाटी आली तेव्हा त्याने खाली बघितलं,
अक्षरं त्याला येत नव्हती.
सकाळी तो दारात उभा,
हातात तांब्या, शेळीचं दूध.
आई म्हणाली, आपण सांगितलं नाही.
त्याने बोट आपल्या ओठांना लावलं,
मग तिच्या ओठांकडे केलं,
मग दोन्ही हातांची झोळी करून हलवली.
लोटन अंगणात गोट्या खेळत होता, सहा वर्षांचा घोडा.
आईने त्याला ओढत आणलं,
नथ्थूच्या देखत तांब्या रिकामा करायला लावला.

ती फीत तंबूवाल्याने पुढे वजनावर विकली.
त्याच्या बांगड्या करतात, असं कुणीतरी म्हणालं.
पुढच्या जत्रेत आईने लाल जोड घेतला,
उन्हात धरून बराच वेळ बघितला.
काचेसारखा वाजत नाही, एवढंच बोलली.

लोटन तमाशात ढोलकीला गेला.
सुपडू टांग्यात बसून भोंग्यातून ओरडायचा,
आज शेवटचा खेळ, आज शेवटचा खेळ,
वर्षभर तोच शेवटचा खेळ.
कौतिक बायकांची कामं करायचा.
त्याला चालणं आईने शिकवलं,
ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, डोक्यावर परात.
रडताना आधी नाक हलतं, म्हणायची,
डोये मागून येतात.
बोलणं तिने कुणालाच शिकवलं नाही.

मी जळगावला रेडिओवर लागले, अहिराणी कार्यक्रमात.
तिथे ळ नसण्याचाच पगार.
आई घरी रेडिओच्या जाळीसमोर बसायची,
कौतिक सांगतो, ऐकायची कमी,
जाळीत तोंड शोधायची.

शेवटचे चार दिवस आवाज गेला.
ओठ मात्र चालू.
आम्ही चौघं खाटेभोवती,
चौघांचं पोट लोकांसमोर उभं राहण्यावर,
आणि एकालाही ते वाचता येईना.
नथ्थू जाऊन बारा वर्षं झालेली.
सुपडूने कान तिच्या तोंडाला लावला,
सवयीचा मूर्ख.
लोटन उठला, न बोलता बाहेर गेला,
कुठूनतरी तांब्याभर दूध घेऊन आला.
तिने दोन घोट घेतले.
मला अजून वाटतं, ती पाणी मागत होती.