सुमारे

रोमन फौजेतली माणसं मोजतोय मी
फैजपुरात, रसवंतीच्या मागल्या खोलीत,
चार वर्षं झाली.
एक जुना बखरकार ऐंशी हजार म्हणतो,
दुसरा त्याच मोहिमेला चाळीस.
दोघंही तिथे नव्हते.
मी पेन्सिलीनं लिहून ठेवतो : सुमारे.

तोताराम नेहेते येतात बिनबर्फाचा रस घ्यायला.
बाजार समितीत अडतीस वर्षं मापाडी.
समोरून, उलटीच वाचतात माझी वही.
"काय मोजून राह्यले सर?"
सांगितलं : एक पलटण. कागदावर पाच हजार माणूस.
"खातो किती एक?"
गहू. रोजचा साडेआठशे ग्रॅम धरतात.
डोळे मिटले, ओठ जरासे हलले.
"साडेबेचाळीस क्विंटल.
एक ट्रॉली, काठोकाठ. दररोज."

मग पेला खाली ठेवला.
"अन् वाह्यते कोन?"
आठ जणांचा एक तंबू, तंबूमागे एक खेचर.
"म्हंजे सव्वासहाशे. त्यायची काय एकादस?"
खेचराला दोन किलो जव धरले.
साडेबारा क्विंटल आणखी.
तो जव वाहायला पुन्हा खेचरं, त्यांना पुन्हा जव.
आम्ही दोघं हसलो,
मग कुणीच हसेना.

रस्त्यावर ही रांग पाच-सहा किलोमीटर.
तोंड सावद्याला टेकलं तरी
शेपूट इथंच, चरकापाशी,
आणि शेवटच्या माणसाच्या दातांत
पुढच्या सगळ्यांची धूळ.

"पन हा ओला माल हाय, सर."
तोतारामांनी खिशातला दाणा दाढेखाली फोडला, सवयीनं.
"वाळल्यावर किती?"
ताप आलेले वजा केले. पळालेले.
मागच्या गढीत पहाऱ्याला ठेवलेले.
टाच फुटून ओढ्याकाठी बसलेले,
ज्यांच्याविषयी कुणीच काही लिहिलं नाही.
उरले साडेतीन हजार, कदाचित.
"अन् शिधा?"
शिधा पाच हजारांचाच उचलला असेल.
मान डोलावली त्यांनी.
त्यांच्या गल्लीतल्या एका रेशनकार्डावर
सोळा वर्षांपूर्वी वारलेला सासरा
अजून जेवतो दोन्ही वेळा.

मला वाटलं, झालं.
रसाचे पैसे ठेवून ते उंबऱ्यात उभे राहिले.
"अडतीस वरसं मी माल मोजला
तं पैले पावतीवर शेतकऱ्याचं नाव.
मंग वजन.
ह्या गव्हाची पावती कोनाच्या नावानं?
कोनाच्या खयातून उचलला?"

वही चाळली मी.
सेनापतींची नावं होती, नद्यांची होती,
एका हत्तीचंसुद्धा होतं.
खळ्याचं एकही नव्हतं.
फौज येते आहे कळल्यावर रातोरात
पेवाच्या तोंडावर माती लोटून
वर शेण सारवणारी कुणी बाई
माझ्या ऐंशी हजारांत नव्हती,
चाळिसांतही नाही.

ते गेले. चरक पुन्हा सुरू झाला.
मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो :
लाभ, दोन, तीन...
मी तसं म्हणून पाहिलं, पहिल्या शिपायापासून,
जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी रस पिताना
त्यांनी सहज विचारलं,
"सर, तुमचं ते सुमारे
किती किलोचं असते?"